पोळ्याला सापडलेला धबधबा

नगरजवळ धबधबा आहे, असं मी वसतिगृहाच्या पंगतीत ठणकावून सांगितलं, तोपर्यंत मी आयुष्यात एकही धबधबा पाहिलेला नव्हता. वरून खाली पडणारं पाणी पाहिलं होतं ते नळाचं, आणि नगरच्या उन्हाळ्यात तेही रोज दिसायचं नाही. पण एखादी गोष्ट ठाऊक नाही म्हणून गप्प बसावं, हे अठराव्या वर्षी मला कधी सुचलं नाही. आता कोणी म्हणेल, आजही सुचत नाही. म्हणोत.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. आम्ही सगळ्या जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांमधल्या मुली, मास्तरीण व्हायला नगरला आलेल्या. शाळा आणि वसतिगृह एकाच कुंपणात. कुंपणाबाहेर पडायचं ते रविवारी, देवळात म्हणजे चर्चला, दोघी-दोघींच्या रांगेनं, नजर पुढच्या दोघींच्या वेण्यांवर. मुलांची शाळा पलीकडेच होती. ती मुलं दरवर्षी पावसाळ्यात लेझीम-ढोल घेऊन सहलीला जायची आणि परत आली की आमच्या भिंतीवरून ऐकू येईल अशा आवाजात आठवडाभर तिच्याच गप्पा मारायची. डोंगरगणला पाणी कसं पडत होतं, पाण्याखाली कोण किती वेळ उभा राहिला, कोणाची टोपी वाहून गेली. आम्ही भिंतीच्या अलीकडे तांदूळ निवडत ऐकायचो. म्हणजे तांदूळ नावाला. रेशनची लाल ज्वारी आणि तिच्यातले खडे.

आमच्या मोठ्या बाईंनी त्या वर्षी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पंचांकडे मुलींच्या सहलीचा विषय काढला. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्य. नगरच्याच, विधवा, उंच, आणि बारा महिने हातात काळी छत्री. पंच म्हणाले, मुलींना बघायला आहे काय बाहेर? डोंगरगणला रविवारी गोऱ्या सोल्जरांचे ट्रक भरून येतात, तिथं जाणं शक्य नाही. दुसरीकडे सगळा माळ. उगाच माळावर पोरी चालवायच्या कशाला?

हे बाईंनी पंगतीत आम्हाला सांगितलं. सांगताना त्यांनी छत्रीची मूठ दोनदा जमिनीवर आपटली. मुली गप्प झाल्या आणि माझं तोंड उघडलं.

"बाई, डोंगरगणशिवाय दुसराही धबधबा आहे. आमच्या आत्याच्या गावाकडं. मला ठाऊक आहे."

शेजारी माझी खोलीतली मैत्रीण बसली होती, शेवगावकडची, जिभेला सुपारी कातरायच्या अडकित्त्यासारखी धार. ती भाकरीवरून नजर न काढता म्हणाली, "हिला गावातली विहीर सापडत नाही, म्हणं धबधबा."

मोठ्या बाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "खरा? पडतं पाणी? की दगडावरून ओघळतं?"

"पडतं, बाई. धो-धो."

"तू पाहिलंयस?"

इथं एखादी शहाणी मुलगी थांबली असती. मी म्हणाले, "पुन्हा एकदा पाहून येते, म्हणजे वाट नीट सांगता येईल."

"मग जा. पोळ्याची सुट्टी येतेय. वाट बघून ये, मुलींना झेपेल अशी. मी पंचांना सांगते की जागा आहे." मग हळू आवाजात, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हे बघ, मी पंचांपुढं एकदा शब्द टाकला. तो वाया गेला तर ते पुन्हा मला विचारू देणार नाहीत. या वर्षीही नाही आणि माझ्यानंतर येणारीलाही नाही. कळलं?"

कळलं होतं. त्या रात्री मला झोप लागली, हे मात्र सांगायला हवं. असल्या मुलीला काहीही झालं तरी झोप लागते.

आत्याचं गाव वांबोरी स्टेशनाहून पायी पोचता येईल असं, डोंगराच्या पायथ्याला. गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही गाड्या काढाल, वेफर्सच्या पिशव्या तिथं टाकाल, आणि शिव्या मला बसतील. आत्या बायबलबाई होती, म्हणजे गावोगाव पायी हिंडून बायकांना शास्त्रातलं वाचून दाखवायची, गाणी शिकवायची. बाळंतपणं निभवायची ते वेगळंच. पाच-पंचवीस गावांतली कुत्री तिच्यावर भुंकत नसत. धबधब्याचं नाव काढल्यावर तिनं मिश्री लावलेले दात दाखवून मला हसून घेतलं.

"पानी भरायचं आसतं गं. बघाया कोन जातं?"

"आत्या, पण डोंगरात कुठं पडत असेल ना?"

"आसंल बया. मी डोंगरात कशाला जाऊ? तिथं मानसं ऱ्हात न्हाईत, मंग वाचून कुनाला दावू, माकडास्नी?"

म्हणून मी गावात विचारलं. पायात नव्या करकरीत चपला, ज्यांचा आवाज माझ्या आधी गल्लीत पोचायचा. हातात बाईंच्यासारखी दिसावी म्हणून मागून आणलेली छत्री, पाऊस नसताना. पहिल्या माणसानं मला मोठ्या उत्साहानं बारवेवर नेलं. पाणी गोड होतं. दुसरा म्हणाला, "पडतं पानी? चला की," आणि मला घरामागच्या गळक्या हौदाशी उभं केलं. एक म्हातारी तर मला हाका मारत तिच्या सुनेनं नुकत्याच भरून ठेवलेल्या रांजणाशी घेऊन गेली. पोरगी शहरातून पाणी विचारत आलीय, तहानलेली असणार, एवढं साधं त्यांचं गणित. मी प्रत्येक ठिकाणी "वा, वा" म्हणाले. रांजणाच्या पाण्याला काही मी तोंड लावलं नाही. म्हातारीनं तांब्या उंच धरून माझ्या ओंजळीत वरून धार धरली, कारण मी कुणाची कोण, आमची मूळची जात कोणती, हे तिला ठाऊक होतं. तेव्हा तसंच होतं. मी ते विसरले नाही, आणि आज फक्त तेवढंच सांगायला बसलेले नाही.

दुपारी मी एकटी डोंगराच्या सोंडेकडे निघाले. सीताफळीची झुडपं, निवडुंग, टेकाडामागून टेकाड. आणि एकाएकी मला तो आवाज आला. धो-धो! पाण्याचाच. दगडावर आपटणारं, भरगच्च पाणी. मग थांबला. मग पुन्हा धो-धो. पुन्हा शांत.

मी जागच्या जागी उभी राहून वर हात जोडले. माझी प्रार्थना ऐकली गेली होती, आणि तीही एका दुपारात. धबधबा मध्ये मध्ये का थांबतो, हा विचारही मला शिवला. पण मी ठरवलं की डोंगरात आत कुठं तरी कुंड असेल, ते भरलं की पडत असेल, रिकामं झालं की थांबत असेल. हे शास्त्र मी तिथल्या तिथं तयार केलं आणि मुलींना कसं समजावून सांगायचं तेही ठरवून टाकलं. चपला हातात घेऊन मी टेकाड चढले. काट्यांनी पातळ फाटलं. शेवटच्या उंचवट्यावर आडवी पडून मी पलीकडे डोकावले.

पलीकडे विहीर होती. मोट चालू होती. बैल उताराला लागले की चामड्याची भरलेली मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी व्हायची, धो-धो. बैल मागे सरले की शांत. मोट हाकणारा माणूस गाणं थांबवून माझ्याकडे बघत राहिला. छत्री उघडून पालथी पडलेली बाई त्यानं पूर्वी पाहिली नसावी.

"काय हरवलं का?" त्यानं विचारलं.

"धबधबा," मी म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

तो इतका हसला की बैल थांबले.

गाव लहान असलं की अशी गोष्ट माणसाच्या आधी घरी पोचते. आत्या दारातच उभी होती. "मोटंचं पानी बघून आलीस म्हणं? लई लांबून आलीस गं त्याच्यासाठी." मी रडायला लागले. रडण्यात लाजेपेक्षा रागच जास्त होता, आणि त्या रागात मी आत्याला खरं सांगितलं: मी आधी काहीच पाहिलेलं नाही, बाईंनी पंचांना शब्द दिलाय, आणि मी रिकाम्या हातानं गेले तर त्या भिंतीच्या आतल्या मुली तिथंच ज्वारी निवडत राहतील.

आत्या एवढंच म्हणाली, "परवा पोळा हाय. मला वाचाया जायचं न्हाई, मानसं बैलांत आसत्यात. आपन वढ्याच्या वाटंनं वर जाऊ. वढा येतो कुठून ते तरी बघू."

पोळ्याच्या दिवशी गावात बैलांच्या शिंगांना हिंगूळ, पाठीवर झुली, सगळं गाव वेशीकडे. आम्ही दोघी उलट्या दिशेला. आमच्या घरात बैल नव्हता आणि वावरही नव्हतं. पोळा म्हणजे शेजारून येणारी पुरणपोळी, याहून जास्त त्या सणाचं आम्हाला काही कळत नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

त्या श्रावणात पाऊस बरा झाला होता आणि आता उघडीप होती. ओढ्याच्या काठाकाठानं गेलं की दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येत जातात. आधी बैलगाडी जाईल एवढी रुंदी, मग दोन माणसांची, मग एकच पाऊलवाट. तेरडा गुडघ्याएवढा फुललेला. कड्याच्या काळ्या दगडातून पाणी झिरपत होतं आणि तिथं बोटभर लांबीची नाजूक पानं लटकत होती, लहान मुलाच्या कानातल्या डुलांसारखी. आत्या पुढे. तिचे पाय पसरट, भेगाळलेले, शेवाळावरसुद्धा न घसरणारे. मी चपला आधीच झुडपात लपवून ठेवल्या होत्या.

आवाज आला तेव्हा मी मुद्दाम विचारलं, "आत्या, मोट असेल का?"

"पोळ्याला मोट कोन हाकतंय?" ती म्हणाली.

वळण घेतलं आणि तो होता. खरा. डोंगराच्या माथ्यावरून, दोन ताडांइतक्या उंचीवरून, सरळ खाली. मध्ये एकदा दगडाला आपटून फुटायचा आणि तिथून पांढरा होऊन पसरायचा. खाली हिरवट डोह, कडेला माणसांना बसता येईल असे सपाट दगड. आणि तिथली हवाच ओली, चेहरा न धुता धुतल्यासारखा व्हायचा.

आत्या पदरानं तोंड पुसून म्हणाली, "एवढी वर्सं हितनं हिंडतीय मी. पायथ्यापातूर येऊन परत गेलीय." आणि लुगड्याचा काष्टा आवरून ती सरळ डोहात उतरली. पन्नाशीची बायबलबाई, कमरेएवढ्या पाण्यात, वर तोंड करून. मी मात्र दगडावर चढून कमरेवर हात ठेवून उभी राहिले. जणू मीच तो खणून काढला होता. तो पवित्रा मला अजून आठवतो आणि अजून हसू येतं. पण खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानही वाटतो. पोरीनं शोधला होता खरा.

भाद्रपदातल्या एका शनिवारी आम्ही निघालो. सकाळच्या गाडीनं वांबोरी. तीस-चाळीस मुली, भाकऱ्यांची गाठोडी, दाण्याची चटणी, आणि सगळ्यात पुढे मी. स्टेशनावर उतरल्यावर मोठ्या बाईंनी सवयीनं "दोघी-दोघी" म्हटलं. पण ओढ्याची वाट अरुंद झाली तशी दोघी-दोघींची रांग आपोआप मोडली, आणि बाई काही म्हणाल्या नाहीत. मुली गाऊ लागल्या. मी मध्येच मागे वळून सांगत होते, "अजून काही नाही, पुढं बघा!" तेरड्याजवळ सांगितलं, लटकत्या पानांजवळ सांगितलं. शेवटच्या वळणापाशी मी सगळ्यांना थांबवलं, डोळे मिटायला लावले, एकीच्या खांद्यावर दुसरीचा हात ठेवून त्यांना वळणापलीकडे आणलं, आणि म्हणाले, "उघडा."

त्यांनी उघडले. मीही त्यांच्याबरोबर वर पाहिलं.

काळा कडा. त्यावरून दोन बारीक धागे ओघळत होते, वर कोणी पातळ पिळून वाळत घातल्यासारखे. बस.

डोह होता, दगड होते, हवा मात्र कोरडी. माझी मैत्रीण शेवटी म्हणाली, "डोळे मिटल्यावर जास्त पाणी होतं."

मुली हसल्या. मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी छत्री बंद केली, तिच्या मुठीवर दोन्ही हात ठेवले आणि माझ्याकडे पाहिलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "सोमवारी पंच विचारतील," एवढंच त्या म्हणाल्या. "मी खोटं सांगणार नाही."

पाऊस थांबून महिना झालेला नव्हता. एवढं पाणी असं एकदम आटत नाही, हे मला भूगोलातल्या थोड्याफार ज्ञानावरून तरी कळायला हवं होतं. मला कळलं नाही. मला फक्त वर काहीतरी हलताना दिसलं, कड्याच्या माथ्यावर, मुंडाशासारखं काहीतरी. मी म्हणाले, "बाई, मी वर जाऊन येते." कोणी अडवायच्या आत मी शेळ्यांच्या वाटेनं चढायला लागले. कसली वाट? शेळीच्या एका पायापुरती. निम्म्यावर मला खाली बघायची बुद्धी झाली आणि लगेच ती चूक असल्याचंही कळलं. बाकीची निम्मी मी हातापायांवर चढले.

वर वेगळंच जग. सपाट माळ, त्यात बाजरी कणसावर आलेली, आणि ओढ्याच्या काठाला मिरचीचे वाफे. एक म्हातारा शेतकरी पाटाच्या तोंडाशी उभा राहून दारं धरत होता, म्हणजे फावड्यानं मातीची दारं उघडून पाणी एकेका वाफ्यात सोडत होता. ओढ्यात दगडमातीचा आडवा बांध घातलेला, त्याच्यामागे पाणी तुंबलेलं, आणि सगळं पाणी पाटातून त्याच्या मिरचीत चाललेलं. माझा धबधबा मिरची पीत होता.

"मामा," मी धापा टाकत म्हणाले, "पोळ्याला हे पाणी खाली पडत होतं ना?"

"मंग? पोळ्याला बैलाच्या खांद्याला आन् पाटाच्या पान्याला सुट्टी आसती आमच्याकडं. बांध फोडून सोडून देतो दिसभर. रिवाजच हाय." त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू तीच का, मोटंवरची?"

गोष्ट डोंगराच्या माथ्यावरही पोचली होती.

म्हणजे वर्षभरातला नेमका एक दिवस असा होता, आणि आम्ही बिनबैलाच्या, बिनवावराच्या दोघी बायका नेमक्या त्याच दिवशी मोकळ्या होतो. दुसऱ्या कोणत्याही घरातल्या पोरीनं हे आधी विचारलं असतं.

मी त्याला सगळं सांगितलं. भिंतीपलीकडची लेझीम, पंच, बाईंचा शब्द. तो ऐकत होता आणि मध्ये मध्ये फावड्यानं माती ओढत होता.

"आज माजी पाळी हाय, पोरी. उद्या वरच्या वस्तीवाल्याची. आज भिजलं न्हाई तर मिरची आठ दिस तशीच. तुजी सहल व्हईल, माजी मिरची जाईल."

बांधावर त्याची बायको खुरपत बसली होती. ती न बघता म्हणाली, "त्यातच तन माजलंय. बाया मिळंनात खुरपाया. समद्या मूग तोडाया गेल्यात खाली."

इथं मला सुचलं. मी माझ्यातल्या त्या अठरा वर्षांच्या पोरीची कितीही टर उडवली तरी हे तिलाच सुचलं, आणि हे सुचल्याबद्दल मी आजही तिच्या पाठीवर थाप मारते.

"मामी, खाली तीस-चाळीस बाया आहेत. निम्म्या वर खुरपतील, निम्म्या खाली पाणी बघतील. मग बदली. सगळं रान स्वच्छ करून देतो. तोवर पाणी खाली सोडा. बदलीनंतर बांध पुन्हा घाला, तो घालायलाही आम्हीच दगड लावतो."

"शाळंतल्या पोरी?" म्हातारा म्हणाला. "त्यास्नी खुरपाया येतं?"

"आत्तापर्यंतच्या आयुष्यात त्यांनी दुसरं काय केलंय?"

मामीनं खुरपं माझ्या हातात दिलं. "दाव बरं."

माझे वडील मास्तर, मी मिशनच्या आवारात वाढलेली. मी मोठ्या आत्मविश्वासानं बसले, खुरपं मारलं, आणि मुळासकट जे वर आलं ते मिरचीचं रोप होतं. मामीनं ते माझ्या हातातून घेऊन परत मातीत दाबलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. सहल तिथंच संपणार होती. मी कड्याच्या तोंडाशी धावत गेले, आडवी पडले आणि खाली ओरडले, "निम्म्या वर या! खुरपायला!"

खालून बराच वेळ नुसतं "काय? काय?" मग मोठ्या बाईंचा आवाज: "सहलीला आलोय आपण!"

"बाई, त्याशिवाय पाणी येणार नाही! पाणी वर आहे!"

मग मला दिसलं की माझ्या मैत्रिणीनं पदर खोचला. "खुरपणी सुटावी म्हणून मी शाळा शिकले," ती ओरडली, "आणि ही बया मला सहलीला आणून खुरपायला लावतेय!" पण वर येणाऱ्यांत सगळ्यात पुढे तीच होती, आणि शेळ्यांची वाट तिच्या पायाखाली सरळ रस्ता झाली होती. वर येऊन तिनं मामीकडे न बघताच खुरपं उचललं, उकिडवी बसली आणि एक वाफा असा साफ केला की रोपाचं पानसुद्धा हललं नाही. मागोमाग बाकीच्या. खुरपी चारच होती, बाकीच्यांनी हातांनी गवत उपटलं. मामीनं तोंडावर पदर घेतला. ती हसत होती की काय ते कळलं नाही.

"ही येतीय," ती म्हणाली, आणि मग माझ्याकडे बोट दाखवून, "हिला न्हाई जमत. हिला माळ्यावर बसवा, पाखरं हाकाया."

म्हणून सहलीची पुढारी बाजरीतल्या माळ्यावर, म्हणजे राखणीच्या मचाणावर, जाऊन बसली, हातात गोफण. तिच्यात दगड घालून भिरकावला की तो मागे पडायचा. म्हातारा ओढ्याच्या बांधाशी गेला. त्यानं आधी पाटाचं तोंड बंद केलं, मग बांधाच्या मधोमध फावडं घातलं. एक, दोन ढेकळं हलली आणि तुंबलेलं पाणी त्या फटीतून असं धावलं की तो स्वतःच मागे सरला.

माळ्यावरून कडा दिसत होता, कड्याच्या खालचं काही दिसत नव्हतं. पाणी कड्याकडे जाताना मात्र मी पाहिलं, उन्हात चमकत, काड्याकुड्या पुढे ढकलत. मग ते कडेवरून नाहीसं झालं. क्षणभर काहीच नाही. आणि मग खालून जो आवाज आला तो पाण्याचा नव्हता. वीस मुली एकदम किंचाळल्या. मी तसा आवाज आमच्या कुंपणात कधी ऐकला नव्हता. तिथं तो निघणंच शक्य नव्हतं. पाखरं उडाली, पोपटांचा थवाच्या थवा. त्या दिवसाचं माझं सगळं काम त्या मुलींनी एका किंचाळीत केलं.

माळ्यावर मी एकटी उभी राहिले आणि ओरडले, "बघा! सांगितलं होतं की नाही!" ऐकायला कोणी नव्हतं. खाली पाण्याचा गोंगाट, वर खुरपणीचा.

बदली झाली तेव्हा खालच्या मुली चिंब होऊन वर आल्या, केस मोकळे, ओठ निळे. शेवटी मोठ्या बाई. शेळ्यांच्या वाटेनं, छत्रीचा काठीसारखा आधार घेत. पातळ अंगाला चिकटलेलं, चष्म्यावर थेंब. त्या माळ्याखाली येऊन उभ्या राहिल्या.

"मी छत्री धरून उभी होते," त्या म्हणाल्या. "उपयोग झाला नाही."

मग त्यांनी छत्री माळ्याच्या खांबाला टेकवली, पदर खोचला, वाफ्यात बसल्या आणि खुरपू लागल्या. अगदी बिनचूक. तेव्हा आम्हाला कळलं की मोठ्या बाईही कुठल्या तरी वावरातूनच शाळेत आल्या होत्या. शेजारच्या वाफ्यातून मामी बराच वेळ त्यांच्या हाताकडे बघत होती. आम्ही निघताना तिनं गरम भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा आणला. भाकरी तिनं बाईंच्या पदरात वरून टाकली, हाताला हात न लावता. बाईंनी ती घेतली, तिथंच मोडली आणि पहिला तुकडा मामीपुढे धरला. मामी थांबली. मग तिनं तो घेतला आणि ठेच्यात बुडवला. म्हातारा दुसरीकडे बघून मोठ्यानं खोकला, एवढंच.

मी खाली गेले ती सगळ्यात शेवटी, आणि मला मिळाली ती निम्मीच धार, कारण बांध पुन्हा घालायला सुरुवात झाली होती. तरी मी तिच्याखाली उभी राहिले. डोक्यावर मोटभर पाणी आल्यासारखं वाटलं, आणि ते सांगायला माझ्याइतकं अधिकारी दुसरं कोण होतं?

सोमवारी पंचांनी बाईंना विचारलं. आम्ही खिडकीखाली होतो, हे आता सांगायला हरकत नाही.

"होता का धबधबा?"

"होता," बाई म्हणाल्या. "आमच्या मुलींनी आणला."

याचा अर्थ पंचांना काय कळला देव जाणे, पण पुढच्या वर्षीची सहल तेव्हाच मंजूर झाली. त्या आठवड्यात भिंतीपलीकडच्या मुलांनी आपल्या लेझमीच्या गप्पा सुरू केल्या. तेव्हा माझी मैत्रीण भिंतीजवळ जाऊन म्हणाली, "तुम्ही पडलेलं पाणी बघायला जाता. आम्ही पाडून बघतो." त्यानंतर ती माझ्या विहिरीबद्दल कधी बोलली नाही. निदान महिनाभर.

त्या वाटेनं मी पुढे कितीतरी वेळा मुलींना घेऊन गेले, आधी विद्यार्थिनी म्हणून, मग बाई म्हणून, हातात माझी स्वतःची छत्री घेऊन. नगरला धबधबा नाही असं माझ्यासमोर कोणी म्हणायचं नाही. पण पहिल्या सहलीनंतरच्या पावसाळ्यात आत्याबरोबर जो निरोप आला, तो मला सगळ्यात जास्त आवडतो. वसतिगृहाच्या दारात उभी राहून तिनं तो अख्ख्या पंगतीला ऐकवला.

"डोंगरावरल्या मामानं इचारलंय, औंदा पोरी कधी यनार? मिरची लावलीय, तन लई माजलंय, पानी सोडाया तयार हाय." मग माझ्याकडे वळून, दात दाखवत ती म्हणाली, "आन् ती मोटंवरची बी यनार आसंल तर येऊ द्या म्हनला. पर तिला गोफणच दिऊ, खुरपं न्हाई."